मेफ्लॉवरची वाट १८२० पाशी अडते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत आता तिसरी पिढी शाळेत जाऊ लागली आहे आणि अनेक घरांत सून किंवा जावई तिथलेच आहेत. मुलांना शाळेत वंशवृक्ष काढायला सांगतात. आपल्याकडची बाजू कुलवृत्तांत उघडून किंवा नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीवरून पाच-सात पिढ्या मागे नेता येते. दुसऱ्या बाजूसाठी कोणीतरी एका संध्याकाळी संगणकासमोर बसते आणि जेवणाची वेळ होईपर्यंत थेट १६२० साली प्लिमथला आलेल्या 'मेफ्लॉवर' जहाजावर जाऊन पोहोचते. मग ती वंशावळ नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरते, कधी वर्तमानपत्रांच्या परदेशस्थ पुरवण्यांतही छापून येते. अशा वंशावळी कागदपत्रांशी ताडून पाहणे हे आमचे काम आहे. त्यातली गफलत नेमकी कुठे असते आणि ती कशी टाळावी, एवढ्यापुरते हे पत्र.

लोकांना वाटते की चारशे वर्षांपूर्वीचा माणूस शोधणे हाच अवघड भाग. वास्तवात सुरुवातीच्या वसाहतकारांवर इतके काम झाले आहे की तिथे सामान्य माणसाला स्वतः शोधण्यासारखे फार थोडे उरले आहे. मेफ्लॉवरवर १०२ प्रवासी होते आणि त्यांतले जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. जे जगले आणि ज्यांचा वंश चालला, त्यांच्या पहिल्या पाच पिढ्या मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेने पुराव्यांसह छापल्या आहेत. ही संस्था १८९७ सालची. १६२० ते १६४० या काळात न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या वसाहतींत, आलेल्या सुमारे २०,००० माणसांचा कागदोपत्री शोध बॉस्टनची १८४५ मध्ये स्थापन झालेली वंशावळ संस्था गेली कित्येक वर्षे घेते आहे. म्हणजे वरचे टोक बऱ्यापैकी पक्के आहे. खालचे टोक, म्हणजे आजपासून १८५० पर्यंतचा काळ, सरकारी दप्तरात आहे. साखळी तुटते ती मधे, साधारण १७८० ते १८५० च्या दरम्यान, आणि इंटरनेटवरच्या बहुतेक वंशावळी नेमक्या तिथेच डोळे मिटून उडी मारतात.

कुलवृत्तांत मूळ पुरुषापासून खाली उतरत येतो आणि आपल्याला त्याच क्रमाची सवय असते. अमेरिकी वंशावळीत ही सवय घात करते. आडनाव हॉपकिन्स म्हणून मेफ्लॉवरवरच्या स्टीफन हॉपकिन्सला धरायचे आणि त्याच्या नातवा-पणतवांतून आपल्या पणजोबांशी जुळणारे नाव हुडकायचे, असे केले तर नाव हमखास सापडते. जॉन, विल्यम, थॉमस, मेरी आणि एलिझाबेथ एवढ्या मोजक्या नावांवर तिथल्या पिढ्याच्या पिढ्या निघाल्या आहेत. म्हणून सुरुवात हयात माणसापासून करायची आणि एका वेळी एकच पायरी मागे जायचे. प्रत्येक पायरीवर 'हा याचा मुलगा' हे सांगणारा कागद हाती आल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही.

पहिल्या तीन-चार पिढ्यांना जन्म, विवाह आणि मृत्यूचे दाखले पुरतात. मात्र दाखल्यांची नोंद प्रत्येक राज्यात वेगळ्या वर्षी सुरू झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यपातळीवरची नोंद १८४१ पासून आहे, पेनसिल्व्हेनियात १९०६ पासून, साउथ कॅरोलायनात १९१५ पासून आणि जॉर्जियात १९१९ पासून. त्याआधीच्या वर्षाचा दाखला मागून तो नाकारला गेला, तर माणूस जन्मलाच नव्हता असे नव्हे. मृत्यूच्या दाखल्यावर माहिती देणाऱ्याचे नाव असते, ते आधी वाचावे. वडील वारल्यावर मुलाने आजीचे माहेरचे आडनाव सांगितले असेल, तर त्याने त्या आजीला कधी पाहिलेही नसण्याची शक्यता बरीच असते. त्याच दाखल्यावरची मृत्यूची तारीख मात्र भरवशाची असते.

दाखल्यांच्या जोडीला जनगणना वापरायची. ती दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनी खुली होते, त्यामुळे सध्या १९५० पर्यंतची पाहता येते. १८८० च्या गणनेत घरातल्या प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी नाते आणि आई-वडिलांचे जन्मराज्य आहे. १८५० च्या गणनेत प्रत्येकाचे नाव, वय आणि जन्मराज्य आहे, नाते नाही. एका घरात राहणारी मुले त्या घरातल्या बाईचीच असतील असे तिथे गृहीत धरू नये, कारण बाळंतपणात बायको गेली की दुसरे लग्न लवकर होई. १८९० ची गणना १९२१ च्या आगीत जवळजवळ सगळी गेली. आणि १७९० ते १८४० च्या गणनांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे, बाकी सगळे वयोगटांच्या रकान्यांत नुसते आकडे.

आता ती खिंडार पडलेली जागा. क्रांतियुद्ध, म्हणजे अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध, संपल्यावर मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमधली दगडाळ जमीन सोडून हजारो कुटुंबे न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात गेली. १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाल्यावर तिथून ओहायो आणि मिशिगनकडे ओघ लागला. मागे राहिलेल्या गावात प्रत्येक जन्माची नोंद होत होती. नव्या ठिकाणी ना नगरकारकून नोंद ठेवी, ना पाद्री कायमचा असे. मुलांचे बाप्तिस्मे एका ठिकाणी, बापाचे थडगे तीनशे मैलांवर, आणि मधे लिहिलेला एकही शब्द नाही. मग कोणीतरी ठरवते की ओहायोत १८५० ला सापडलेला 'मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला, वय ५८' असा जॉन हाच केप कॉडवरच्या एका गावात १७९२ ला जन्मलेला जॉन. त्या एका वर्षात त्या नावाचे चार जॉन चार गावांत जन्मलेले असतात, हे पाहायला कोणी थांबत नाही.

इथे काय करावे? आधी १८५० च्या गणनेत सगळ्या मुलांची जन्मराज्ये वयानुसार मांडावी. थोरला १८१४ चा मॅसॅच्युसेट्सचा आणि तिसरी मुलगी १८१८ ची न्यूयॉर्कची, म्हणजे घर त्या चार वर्षांत हलले. मग आजूबाजूच्या दहा-बारा घरांतली आडनावे उतरून घ्यावी. लोक एकटे जात नसत, भाऊ, मेहुणे, चर्चमधले शेजारी मिळून जात, आणि शेजाऱ्याचे मूळ गाव सापडले की आपलेही बहुधा तेच निघते. कुटुंब न्यूयॉर्कमध्ये थांबले असेल, तर त्या राज्याची स्वतःची १८५५ ची गणना पाहावी. तीत जन्माचा परगणा (काउंटी) आणि त्या गावात राहून किती वर्षे झाली, हे दोन्ही आहे. मूळ गावच्या चर्चच्या वह्याही पाहाव्यात, कारण सभासद दुसरीकडे गेला की 'अमुक गावच्या चर्चकडे बदली' अशी नोंद होई.

आमच्या मते या टप्प्यावर सर्वांत कामाचे कागद दोन. पहिला म्हणजे क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे अर्ज. १८१८ चा कायदा गरजू सैनिकांसाठी होता. १८२० मध्ये त्यात मालमत्तेची यादी देण्याची अट आली, आणि त्या यादीबरोबर म्हाताऱ्या सैनिकाने घरातल्या माणसांची नावे-वये लिहून दिलेली अनेकदा सापडतात. १८३२ च्या कायद्याने दायरा वाढला, १८३६ आणि १८३८ च्या कायद्यांनी विधवांना हक्क मिळाला. विधवेला लग्न सिद्ध करावे लागे आणि दाखला कुठून आणणार? म्हणून घरच्या बायबलमधले मुलांच्या जन्मतारखांचे पानच फाडून अर्जाला जोडले जाई. ती पाने आजही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फायलींत आहेत. बायबल मात्र घरोघरी हरवले.

दुसरा कागद जमिनीचा. बाप मॅसॅच्युसेट्समध्ये वारला आणि मुले न्यूयॉर्कमध्ये असली, की ती आपापला हिस्सा गावात राहिलेल्या भावाला लिहून देत. त्या हक्कसोडपत्रात 'न्यूयॉर्क राज्यातल्या अमुक परगण्याचा रहिवासी, दिवंगत अमुक याचा मुलगा' असे स्पष्ट लिहिलेले असते. दोन राज्ये आणि दोन पिढ्या एका वाक्यात जोडल्या जातात. ही खते जुन्या परगण्याच्या दप्तरात, देणाऱ्यांच्या सूचीत, बापाच्या मृत्यूनंतरच्या दहा-पंधरा वर्षांत शोधायची. नव्या परगण्यात शोधणारे हात हलवत परततात. फॅमिलीसर्च या विनाशुल्क संकेतस्थळावर आता हस्तलिखित खतांचा पूर्ण मजकूर शोधता येतो, त्यामुळे सूचीत न येणारे साक्षीदार आणि लगतचे जमीनमालकही सापडतात. खतावर बायकोची सही किंवा अंगठ्याऐवजी काढलेली खूण दिसली तर ती टिपून ठेवावी. नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा एक तृतीयांशावर हक्क असे, म्हणून विक्रीला तिची संमती घेत. एकाच नावाचे दोन पुरुष वेगळे काढायला बायकोचे नाव, धंदा, जमिनीच्या सीमा आणि सही की खूण, या चार गोष्टी बहुतेक वेळा पुरतात. नावापुढे 'सीनियर' आणि 'ज्युनियर' असले म्हणजे ते बापलेक, असे मानू नये. गावात त्या नावाचे दोघे असले की वयाने मोठ्याला सीनियर म्हणत, मग ते काका-पुतणे असोत वा अनोळखी. थोरला वारला की धाकटा सीनियर होई.

दप्तर जळाले असेल तर काय जळाले आणि काय वाचले, हे आधी विचारावे. केप कॉडच्या बार्नस्टेबल परगण्याच्या न्यायालयाला १८२७ मध्ये आग लागली आणि खरेदीखतांच्या बहुतेक सगळ्या वह्या गेल्या. मृत्युपत्रांच्या वह्या वाचल्या. त्या भागातल्या घराण्यांसाठी मग वाटणीपत्रे, संपत्तीच्या याद्या आणि अज्ञान मुलांच्या पालकनियुक्त्या यांवरच भागवावे लागते, आणि बऱ्याचदा भागतेही.

१७८० च्या पलीकडे पोहोचलात की मॅसॅच्युसेट्समध्ये वाट सोपी होते. तिथल्या बहुतेक गावांच्या १८५० पूर्वीच्या जन्म, विवाह, मृत्यू नोंदी वर्णानुक्रमे छापून झाल्या आहेत. वर्णानुक्रमामुळे मूळ वहीतला क्रम मोडतो, म्हणून महत्त्वाची नोंद मूळ पानावर पुन्हा पाहावी. त्यांत नोंदीपुढे संक्षिप्त अक्षरे असतात. 'सी.आर.' म्हणजे चर्चची वही, 'पी.आर.' म्हणजे खासगी कागद. 'जी.आर.' दिसले तर तो शासननिर्णय नव्हे, थडग्यावरचा मजकूर. विवाहासमोर 'इंट.' असेल तर ती लग्नाची फक्त जाहीर सूचना आहे, लग्न लागल्याचा पुरावा नाही. पण सूचना वधू आणि वर दोघांच्याही गावी लागे, त्यामुळे मुलगी कुठली होती हे तिथे कळते.

तारखांनी भलेभले फसतात. १७५२ पर्यंत इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई. एका घरात एप्रिल १६४० ला एक मूल आणि फेब्रुवारी १६४० ला दुसरे, अशी नोंद दिसली की लोक एक मूल खोडून टाकतात. वस्तुतः तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६४१ चा, म्हणजे दहा महिन्यांनंतरचा. म्हणून जानेवारी ते २४ मार्चच्या तारखा १६४०/४१ अशा दुहेरी लिहितात आणि तशाच उतरवाव्यात. १७५२ च्या सप्टेंबरमध्ये २ तारखेनंतर एकदम १४ उजाडली. क्वेकर पंथाचे लोक महिन्यांची नावे न घेता क्रमांक देत आणि १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च असे. काही संगणकप्रणाली या तारखा न विचारता बदलतात, तेव्हा मूळ वाचन टिपणात वेगळे लिहून ठेवावे. सतराव्या शतकातली नातीही आजच्या अर्थाने वाचू नयेत: 'सन-इन-लॉ' बहुधा सावत्र मुलगा असतो आणि 'कझिन' पुतण्या-भाचाही असू शकतो.

समुद्र ओलांडण्याची वेळ आली की स्टीफन हॉपकिन्सचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने मेफ्लॉवरवरच्या माणसांची यादी आपल्या हस्तलिखितात लिहून ठेवली. हे हस्तलिखित क्रांतीच्या धामधुमीत नाहीसे झाले, १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलहॅम इथल्या ग्रंथालयात सापडले आणि १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत आले. त्यात हॉपकिन्सबरोबर बायको एलिझाबेथ, पहिल्या बायकोची मुले जाइल्स आणि कॉन्स्टन्स, या बायकोची डॅमरिस आणि भर समुद्रात जन्मलेला ओशनस, शिवाय दोन नोकर, असा सगळा तपशील आहे. पहिल्या बायकोचे नाव नाही. ही रिकामी जागा लोकांनी 'कॉन्स्टन्स डडली' असे नाव घालून भरली. मुलगी कॉन्स्टन्स म्हणून आई कॉन्स्टन्स, आणि आडनाव डडली घेतले की सरदार घराण्याशी नाते जोडता येते, याखेरीज त्याला काही आधार नव्हता. गावही ग्लॉस्टरशरमधले वॉटन-अंडर-एज ठरवून टाकले होते.

१९९८ मध्ये केलेब जॉन्सन या संशोधकाने हॅम्पशरमधल्या हर्स्ली गावच्या चर्चची वही पुढे आणली. तीत स्टीफन हॉपकिन्सच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे आहेत: एलिझाबेथ १६०४, कॉन्स्टन्स ११ मे १६०६ आणि जाइल्स ३० जानेवारी १६०७/८. बायकोचे नाव मेरी, आणि तिचे दफन मे १६१३ मध्ये. स्टीफन हॉपकिन्स नावाचे पुरुष त्या काळच्या इंग्लंडात अनेक असतील. पण बाप स्टीफन, मुलगी कॉन्स्टन्स, मुलगा जाइल्स, वये ब्रॅडफर्डच्या यादीशी जुळणारी आणि आई १६२० पूर्वी वारलेली, हे सगळे एका घरात येणे दुर्मीळ. शोध असा घ्यायचा असतो, एकट्या नावाचा नव्हे तर नावांच्या जुळणीचा. पुढे स्टीफनचा स्वतःचा बाप्तिस्माही त्याच परगण्यातल्या अप्पर क्लॅटफर्ड गावी, ३० एप्रिल १५८१ चा मिळाला. तरीही कॉन्स्टन्स डडली आजही शेकडो वंशवृक्षांत सुखाने नांदते आहे, आणि ती दिसली की त्या वृक्षातल्या बाकीच्या फांद्यांवरही विश्वास ठेवू नये.

स्टीफनचे ६ जून १६४४ चे मृत्युपत्र चांगल्या पुराव्याचा नमुना आहे. मुलगा जाइल्स याला मोठा बैल, जो त्या वेळी वॉरन बाईंकडे भाड्याने होता. त्या भाड्याचे २० शिलिंग जाइल्सचा मुलगा स्टीफन याला. निकोलस स्नोची बायको, मुलगी कॉन्स्टन्स, हिला घोडी. एका कागदाने मुलगा, नातू, मुलगी आणि जावई असे चौघे पक्के केले.

इंग्लंडातल्या चर्चच्या वह्या १५३८ पासून सुरू होतात, पण सगळ्या गावांच्या टिकल्या नाहीत. जिथे वही गेली तिथे बिशपकडे पाठवलेल्या वार्षिक नकला पाहाव्यात. त्या साधारण १५९८ पासून मिळतात. बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे, आणि बाप्तिस्मा झालेले मूल महिन्याभरात दफनाच्या पानावर तर नाही ना, हे नेहमी तपासावे. लहानपणी मेलेल्या मुलाला पन्नाशीत जहाजावर चढवणाऱ्या वंशावळी थोड्या नाहीत. सर्वांत भक्कम दुवा म्हणजे इंग्लंडात राहिलेल्या बापाच्या किंवा काकाच्या मृत्युपत्रातले 'न्यू इंग्लंडमधला माझा मुलगा' असे शब्द. कँटरबरीच्या धर्मन्यायालयात सिद्ध झालेली मृत्युपत्रे १३८४ पासून १८५८ पर्यंतची आहेत आणि लंडनमधल्या क्यू इथल्या अभिलेखागारात आहेत. ती जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात असतात. मोडीसारखीच ती सरावाने वाचता येतात. थोरला एफ दोन एफ लिहून काढलेला, यू आणि व्ही आलटून-पालटून, आणि आडनावाचे स्पेलिंग एकाच पानावर तीन तऱ्हांचे. शोधताना एकच स्पेलिंग टाकून थांबू नये.

व्हर्जिनियाची तऱ्हा निराळी. तिथे समुद्रापारहून आणलेल्या दर माणसामागे ५० एकर जमीन मिळे आणि जमिनीच्या सनदेला त्या माणसांची यादी जोडलेली असे. या याद्या म्हणजे प्रवाशांच्या याद्या नव्हेत. हक्क विकले जात, वर्षानुवर्षे पडून राहत, एकच माणूस दोघांच्या यादीत येई. तेव्हा सनदेचे वर्ष हे येण्याचे वर्ष म्हणून लिहू नये, 'या वर्षापूर्वी आला' एवढेच लिहावे. अशाच एका यादीत, जॉर्ज मेनेफी या जमीनदाराच्या नावावर, १६३५ च्या सुमारास 'टोनी, ईस्ट इंडियन' अशी नोंद आहे. वसाहती अमेरिकेतल्या भारतीयाची ही सर्वांत जुनी ज्ञात नोंद मानली जाते. त्याचे गाव, आई-बाप, खरे नाव यांविषयी त्या ओळीत काही नाही. त्याला कोकणचा ठरवण्याची घाई कोणी करू नये. व्हर्जिनियाच्या अनेक परगण्यांनी यादवी युद्धात सुरक्षित राहावे म्हणून दप्तर रिचमंडला पाठवले आणि एप्रिल १८६५ मध्ये ते तिथेच जळाले. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांना तर १८७० च्या जनगणनेपर्यंतच सहज जाता येते. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव आहे, माणसांचे फक्त वय, लिंग आणि वर्ण.

लाळेच्या डीएनए चाचणीने हे सगळे टळते, असा समज पसरला आहे. बारा पिढ्यांमागे पूर्वजांच्या ४,०९६ जागा असतात. त्यांतल्या एखाद्या पूर्वजाचा गुणसूत्रांतला अंश तुमच्यापर्यंत अजिबात न पोहोचणे हेच जास्त संभवते. 'इंग्लंड ४० टक्के' या निकालावरून मेफ्लॉवर सिद्ध होत नाही. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी मात्र एकाच आडनावाची दोन घराणी वेगळी की एकच, हे चांगले सांगते. आणि विकत घेतलेल्या सुबक बांधणीच्या वंशावळीपासून दूरच राहावे. गुस्ताव्ह अँजू नावाचा गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत घराण्यांना वंशावळी करून विकत असे. तो खरी मृत्युपत्रे उतरवून घेई आणि त्यांच्या मधोमध खोटा दुवा बसवी. त्या वंशावळी आजही ग्रंथालयांत आहेत आणि तिथून इंटरनेटवर उतरत राहतात.

कोणाला मेफ्लॉवर संस्थेत रीतसर अर्ज करायचा असेल, तर छापील पाच पिढ्यांशी जोडणी होईपर्यंत मधल्या प्रत्येक पिढीचे कागद स्वतः द्यावे लागतात, अलीकडच्या पिढ्यांचे दाखलेही. आई किंवा वडील महाराष्ट्रातले असले की इथे एक वेगळीच अडचण येते. आपल्याकडच्या जुन्या जन्मदाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना अनेकदा कोराच असतो, आणि लग्नानंतर मुलीचे नाव व आडनाव दोन्ही बदललेले असते. तेव्हा नाव दाखल करून नवा दाखला मिळतो का, हे आधी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारावे. विवाहनोंदणीच्या दाखल्याबरोबर नावबदलाचे राजपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडावा. मराठी कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे आणि त्यात नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवावे.

आपले,
जुन्या नोंदी आणि वंशावळींचा अभ्यास करणारे काही वाचक
बॉस्टन परिसर, मॅसॅच्युसेट्स